जुनी डबल कॅब पिकअप : रोज एमआयडीसी, रविवारी गगनबावडा

डबलकॅब_करवीर

टाटा झेनॉन एक्सटी, फोर बाय फोर, २०१२ ची नोंदणी, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, पांढरी पाटी. २.२ लिटर डिझेल, १४० पीएस, ३२० न्यूटन मीटर. पुढं टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागं पाटे (लीफ स्प्रिंग). घरात आलीय ती राहायलाच, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. ज्यांनी अशी जुनी पिकअप बांधलीय त्यांनी मोकळेपणानं बोलावं.

गाडीला कामं दोन. सोमवार ते शनिवार घर ते गोकुळ शिरगाव, हायवेनं, ट्रॅफिकमधनं. रविवारी गगनबावड्याच्या अलीकडं शेत. तिथं शेवटचा टप्पा कच्चा, तांबड्या मातीचा, मधे एक ओढा. हौद्यात कधी खताची पोती, कधी पाइप, कधी पाण्याची मोटर. बंद टपाची जीप घेतली असती तर खताचा वास आठवडाभर सीटला राहिला असता, त्यामुळं हौदाच पाहिजे होता.

माझी अट एकच आहे. रविवारी चिखलात कितीही राबली तरी सोमवारी सकाळच्या शिफ्टला ती मला वेळेवर पोचवणार. या अटीत जे बसत नाही ते करायचं नाही. म्हणून कामाचा क्रम असा लावलाय : आधी ब्रेक, स्टिअरिंग, कूलिंग आणि रबर. मग टायर. मग अडकल्यावर बाहेर निघायचं सामान. उंची वाढवणं सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर.

रबरावर मुद्दाम जोर देतोय. एवढ्या वयाच्या गाडीचं इंजिन आणि चेसिस नीट सांभाळलेलं असेल तर अजून पुष्कळ चालतं. थकतं ते रबर. टर्बोपासून इंटरकूलरकडं जाणारा होस आतल्या बाजूनं भेगाळतो, बाहेरून धड दिसतो, आणि घाटात गाडी काळा धूर सोडत जीव टाकते. सस्पेन्शनचे बुश, गिअरबॉक्सचं माउंटिंग, सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या सांध्यांचे) बूट म्हणजे रबरी टोप्या, ब्रेकचे लवचिक पाइप, सगळे एकाच वयाचे. सीव्हीचा बूट फाटला की आत तांबडी माती जाते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि जॉइंट घासत बसते. बूट स्वस्त असतो, जॉइंट नसतो. म्हणून हे सगळं एकदम बदलतोय.

आता प्रश्न. टायर कुठला साइज घेऊ? सध्या २३५/७० आर १६ आहेत. पुढून टॉर्शन बार किती चढवू? मागच्या पाट्यांचं काय करू?

शोधतोय_पिकअप

दादा, मी अजून घ्यायच्याच विचारात आहे. जुनी फोर बाय फोर बघताना आपल्याकडं खास काय तपासावं?

डबलकॅब_करवीर

आपल्याकडं दोन गोष्टी. एक म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेनं शिरोलीजवळ हायवे बंद केला होता. तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या आणि अजून हातोहात फिरतायत. सीटचे बोल्ट सोडून रेलखाली बोट फिरवा, गाळाचा बारीक थर तिथं राहतोच. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघा, टोकाला पाण्याची रेघ असेल तर उठून चालायला लागा. डॅशखालचे वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवा गंज बघा. इंजिन खोलून करता येतं, पण पाण्यात बसलेलं वायरिंग कधी दगा देईल ते सांगता येत नाही, आणि रोजच्या गाडीत ते परवडत नाही.

दुसरं, रत्नागिरी-मालवणकडनं आलेली गाडी. खाऱ्या वाऱ्यानं चेसिस आतून खातो. वरून काळा रंग मारलेला असतो. छोटी हातोडी घेऊन पाट्यांच्या हँगरपाशी आणि मागच्या क्रॉस मेंबरवर ठोकून ऐका. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

आणि फोर बाय फोर खरोखर चालू होतं का, हे मालकाच्या शब्दावर सोडू नका. कच्च्यात नेऊन फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग), फोर लो (चारही चाकं, वेग कमी जोर जास्त), परत टू हाय (फक्त मागची चाकं) करून बघा. वर्षानुवर्षं कोणी वापरलेलं नसतं आणि अॅक्च्युएटर जाम झालेला असतो.

उद्यमनगर_लेथ

भावा, पुढच्या बाजूचं मी सांगतो, रोज हेच बघतोय.

टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की गाडी उचलते, पाच मिनिटांचं काम, पैसे बी लागत न्हाईत. म्हणून सगळे करतात. पण त्यानं सस्पेन्शनची चाल, म्हणजे चाकाची वर-खाली व्हायची जागा, वाढत न्हाई. चाल हाय तेवढीच, तुम्ही फक्त गाडीला त्या चालीच्या वरच्या टोकाला नेऊन उभी करता. म्हणजे चाक खाली जायला जागाच उरत न्हाई. खड्ड्यात चाक पडलं की आर्म स्टॉपरवर ठक्क करून आदळतो, आणि ओबडधोबड जागेत चाक जमिनीला टेकायच्या ऐवजी हवेत राहतं. सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, बूट तिथंच घासून फाटतो. बॉल जॉइंटवर ताण. कॅम्बर-टो (चाकाचा कल आणि रोख) बदलतो, महिन्याभरात नवा टायर एका कडेनं खाल्लेला दिसतो.

माझं मत : बार एवढ्या वर्षांत बसला असंल तर कंपनीनं दिलेल्या उंचीवर परत आण. वर लई तर बोटभर. आणि बोल्टला हात लावला की अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी हायवेला काढायची न्हाई.

पाटेवाले_काका

आता मागचं. माझा जन्म पाट्यांच्या दुकानात गेला, म्हणून लिहितो.

लोक येतात आणि म्हणतात, एक पाटा वाढवा. मी विचारतो, हौद्यात रोज किती वजन असतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, काही नाही. मग रिकाम्या गाडीला पाटा वाढवून काय होणार? मागचं चाक गतिरोधकावर उड्या मारेल, पावसात ब्रेक लावल्यावर मागची बाजू आडवी येईल. पिकअप रिकामी असताना मुळातच मागून हलकी. तिला आणखी कडक केली की ओल्या डांबरावर पकड जाते.

जुने पाटे सपाट झाले असतील तर ते उतरवून भट्टीत तापवून परत कमान देतात. ते काम चांगल्या माणसाकडं झालं पाहिजे, कारण तापवल्यानंतर पाणी बरोबर दिलं नाही तर पाटा एक तर लवकर बसतो, नाही तर तडकतो. शक्य असेल तर पूर्ण नवा सेट बसव. सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवेच घाल, एकदा ताणलेला यू बोल्ट परत वापरायचा नाही. गाडी थोडी चालल्यावर यू बोल्ट परत आवळून घे. हे कोणी करत नाही आणि मग ॲक्सल सरकतो.

शॅकल (पाट्याला चेसिसशी जोडणारी कडी) लांब करून उंची काढणारे भेटतील, पाट्याखाली ठोकळे घालणारे बी भेटतील. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीच नाही. मागं घातला तरी पाटा पिळतो आणि सुटताना धक्का बसतो. तू दोन्ही टाळ.

एक महत्त्वाचं राहिलंच. मागच्या ॲक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे का बघ. ॲक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक दांडी जाते. वजन पडलं की मागची बाजू बसते, दांडी फिरते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. मागनं गाडी उचललीस की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे. म्हणजे दहा पोती भरून करूळ घाट उतरताना मागचे ब्रेक अर्ध्या जोरावर. उंची बदलली की ती दांडी परत सेट करायची. हे मी कितीदा सांगतो, पण लोकांना उंचीचा फोटो पाहिजे असतो, ब्रेकचा फोटो येत नाही.

डबलकॅब_करवीर

काका, ही दांडीची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. उद्या खाली शिरून बघतो. नवे पाटे कंपनीच्याच मापाचे घालतो, वाढवत नाही.

लिफ्ट_पाहिजेच

सगळ्यांचा मान ठेवून सांगतो, एवढं घाबरून चालत नाही. तीन इंच लिफ्ट किट, २६५/७५ चे मड टायर, पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर). मी अशा गाड्या चालवल्यात, रस्त्यालाही चालतात. खाली ओढ्यात दगड असतील तर उंचीच कामाला येते. डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलचा मधला गोळा) दगडावर टेकलं की तुमचा नवा बुश काय करणार?

डबलकॅब_करवीर

तुझा दगडाचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून हिशोबच मांडतो.

२३५/७० आर १६ चा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. २४५/७५ आर १६ चा ७७४. २६५/७५ आर १६ चा ८०४. डिफरन्शियल ॲक्सलला जोडलेलं, त्यामुळं सस्पेन्शन कितीही उचला, मागच्या डिफरन्शियलखालची जागा वाढते ती फक्त टायरनं, आणि तीही व्यासाच्या फरकाच्या निम्मी. म्हणजे २४५/७५ नं १९ मिलिमीटर, २६५/७५ नं ३४. तीन इंच लिफ्टनं तिथं शून्य. लिफ्टचा फायदा पोटाखाली आणि पुढच्या-मागच्या कोनाला, तो मी नाकारत नाही.

आता किंमत. २६५/७५ नं व्यास नऊ टक्क्यांवर वाढतो, तेवढं गिअरिंग लांब होतं. क्लच जास्त घसरवावा लागतो, चढाला पाचव्यातनं चौथ्यात यावं लागतं, टायर जड म्हणून ब्रेकला काम जास्त. गिअर रेशो बदलल्याशिवाय हे रोजच्या गाडीला झेपत नाही. २४५/७५ मध्ये ही वाढ पाच टक्के. त्यामुळं माझा कौल २४५/७५ कडं, स्टिअरिंग पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबून घासत नाही हे बघितल्यावरच.

बंपरचं म्हणशील तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. पायी चालणाऱ्याला त्याचा मार जास्त बसतो आणि धडकेचा जोर थेट चेसिसवर जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या गाडीला २०२७ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतात, तेव्हा पुनर्नोंदणीला आरटीओसमोर उभी करायची आहे. आणि मला सगळ्यात जास्त वाटतं ते विम्याचं. रोज हायवेवर असणाऱ्या गाडीनं कोणाला इजा झाली आणि बदल कळवला नव्हता म्हणून कंपनीनं हात वर केले, तर समोरच्या माणसानं काय करायचं?

शाहूवाडीची_वाट

जनावरांची डॉक्टर आहे, शाहूवाडी तालुक्यात रोज वाड्यावस्त्यांवर जाते. माझी बोलेरो कॅम्पर आहे, वेगळी गाडी, पण चिखल तोच. टायरबद्दल सगळे साइजच बोलतायत, मातीबद्दल कोणी बोलेना.

आपल्या जिल्ह्यात दोन माती आहेत. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडं तांबडी, जांभ्याची. वरचा थर निसरडा असतो पण खाली बहुतेक ठिकाणी टणक लागतं. तिथं चांगला ऑल टेरेन टायर, हवा २० पीएसआयपर्यंत कमी करून, सावकाश जातो. शिरोळ-हातकणंगलेकडं काळी माती. ती टायरच्या खाचांत भरून बसते, ऑल टेरेन गुळगुळीत होतो, आणि तिथं रुंद खाचांचा मड टायरच माती फेकत पुढं जातो. डबलकॅबदादा, तुमचं शेत गगनबावड्याकडं असेल तर मड टायर घेऊ नका. ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर तो ब्रेकला लांब जातो, आणि तुमचं निम्म्याहून जास्त आयुष्य हायवेवर आहे. ऊस हंगामात तर रस्त्यावर ट्रॉलीतनं पडलेला ऊस आणि शेतातनं आलेला चिखल असतो, तेव्हा हे जास्तच जाणवतं.

कमी हवेत डांबरावर वेगानं जायचं नाही, टायर तापून फुटतो. म्हणून बारा व्होल्टचा चांगला पंप गाडीत कायम ठेवा. माझ्या मते विंचच्या आधी पंप.

टायर पाचही एकाच साइजचे घ्या, स्टेपनीसुद्धा. पार्टटाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या टायरचा व्यास वेगळा असला की ट्रान्सफर केसवर (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. आणि कोरड्या डांबरावर फोर हाय लावून वळायचं नाही. वळणात पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मधे डिफरन्शियल नसल्यामुळं सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो.

गावाकडचा_ओढा

ताई, ओढ्याबद्दल सांगा की. पाण्यात घालायची तर स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरनं घ्यायची नळी) लागतंय काय?

शाहूवाडीची_वाट

स्नॉर्कलच्या आधी ब्रीदर. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, सगळ्यांना हवा खेळायला एक छोटी नळी किंवा टोपी असते. तासभर चाललेल्या गाडीचं डिफरन्शियल तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं नाही तर सीलमधनं पाणी आत ओढून घेते. ऑइल दुधाळ होतं. गाडी त्या दिवशी चालते, म्हणून लक्षात येत नाही, आणि काही महिन्यांनी बेअरिंग बोलायला लागतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून बॉनेटखाली उंचावर न्यायची. काम लहान आहे, पण आपल्या पावसात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी गाडीला केलेलं नाही.

पाण्याचं म्हणाल तर आधी उतरून, काठीनं तळ बघून जायचं. चाकाच्या मध्यापेक्षा वर आणि वाहतं पाणी असेल तर मी थांबते. जनावर अडलेलं असलं तरी थांबते, गावातल्या माणसाला पलीकडच्या काठावर बोलावते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर हलका ब्रेक धरून थोडं चालायचं, ड्रम सुकतात. मागचे ड्रम पावसाळ्यात उघडून साफ करायलाच लागतात, आतली माती लायनर खाते.

उद्यमनगर_लेथ

ताईंनी ब्रीदरचं सांगितलं ते एक नंबर. नळी न्यायला ॲडाप्टर लागला तर उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडं जुनी टोपी घेऊन जा, आट्या मोजून पितळेत काढून देतो. आपल्या गावाचं हे भारीच हाय. फाउंड्र्या आणि लेथ एवढे की जुन्या गाडीचा बंद झालेला पार्ट असला तरी माणूस हताश होत न्हाई. फक्त ब्रेक आणि स्टिअरिंगचा पार्ट बनवून घालायचा न्हाई, तो कंपनीचाच.

आणि रेडिएटर! एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधी मातीचा आणि पाचटाच्या भुशाचा थर बसतो. बाहेरून पाणी मारलं की तो आणखी आत जातो. कंडेन्सर पुढं सरकवून, आतनं बाहेरच्या दिशेनं, कमी दाबानं धू.

पाटेवाले_काका

अडकल्यावर काय करतोस तेही लिहून ठेव. आपल्याकडं कोणाचा तरी ट्रॅक्टर येतो, माणसं मदतीला मागं सरत नाहीत. पण तो साखळी घेऊन येतो. साखळी ताणत नाही, झटका सगळा हुकवर. हुक तुटला तर तो गोळीसारखा सुटतो. चेसिसला पक्क्या बोल्टनं बसलेला हुक पुढं आणि मागं दोन्हीकडं पाहिजे, आणि ओढायचा पट्टा आपला स्वतःचा. ट्रॉलीच्या बॉलला पट्टा कधी अडकवायचा नाही. ओढताना आजूबाजूची पोरं लांब. हे आधी ठरवून मगच ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवायचा.

लिफ्ट_पाहिजेच

हिशोब पटला. डिफरन्शियलखाली लिफ्टनं काही मिळत नाही हे मी धरलंच नव्हतं. विंचबद्दल मात्र माझं मत कायम आहे. एकटा जाणाऱ्याला ट्रॅक्टर दरवेळी मिळेलच असं नाही. घ्यायची तर गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीची, आणि वायरऐवजी सिंथेटिक दोराची. वजन कमी, तुटला तरी फटका कमी.

एक विचारतो, मसाई पठारावर घालून बघायची का सगळ्यांनी मिळून?

शाहूवाडीची_वाट

पठारावर नको. सड्यावरची (पठाराच्या उघड्या कातळावरची) माती बोटभर जाडीची असते आणि पावसानंतरची सगळी फुलं त्याच थरात उगवतात. एका गाडीची चाकोरी वर्षानुवर्षं दिसत राहते, पाणी त्यातनं वाहायला लागतं आणि माती जाते. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात तर वन विभागानं ठरवलेल्या वाटेबाहेर चाक घालायचंच नाही, ते अभयारण्य आहे. भेटायचं असेल तर कोणाच्या तरी स्वतःच्या शेतात, विचारून भेटू.

डबलकॅब_करवीर

माझ्या शेतात या सगळे. नांगरट व्हायच्या आधी, पावसानं उघडीप दिल्यावर. ओढ्याचा उतार दोन्ही बाजूंनी आमच्याच रानात आहे, कोणाला त्रास नाही.

आजवर झालं ते लिहितो. गाडीखाली शिरून बघितलं, काकांनी सांगितलेली दांडी आहे आणि ती मधे कोणीतरी तारेनं बांधून ठेवलेली होती. ब्रेक मागून का धरत नव्हते ते आत्ता कळलं. कंपनीची दांडी मागवलीय. होस, बुश आणि दोन्ही बूट बदलले. पाटे कंपनीच्या मापाचे, नवे यू बोल्ट, परत आवळणी पुढच्या आठवड्यात. पुढचे टॉर्शन बार मूळ उंचीवर, अलाइनमेंट केली. पुढचं-मागचं डिफरन्शियल ऑइल काढलं, मागचं खरोखर दुधाळ निघालं. सील बदललं, ब्रीदरच्या नळ्या या आठवड्यात वर नेतोय. टायर २४५/७५ आर १६ ऑल टेरेन, पाच. तारीख बघून घेतले, बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात.

विंच सध्या नाही. पट्टा, तो अडकवायचं शॅकल, फावडं आणि पंप हौद्यात पेटीला कुलूप लावून.

काका, एक विचारायचं राहिलं. दांडी बसवताना हौदा रिकामा ठेवून सेट करायची की भरून?

पाटेवाले_काका

रिकामा. सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, जॅक लावून नाही. डिझेल टाकी नेहमीसारखी. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये रिकाम्या गाडीचं माप असतं, त्याला धरून लाव. मग पोती भरून शेताच्या वाटेवर, मागं कोणी नसताना, जोरात ब्रेक दाबून बघ. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होऊन घसरायला लागली तर दाब कमी कर. झाल्यावर लिही इथं.